लॅपटॉपच्या पोटातील टकटक

लॅपटॉप चालू करून कान त्याच्या जवळ नेला, तर दोन-तीन प्रकारचे आवाज ऐकू येतात. एक आवाज संथ आणि सलग असतो, दूरवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीसारखा. दुसरा बारीक कुरकुरीचा असतो. उंदीर कागद कुरतडतो आहे की काय, असे वाटते. आणि मधूनच 'टक' असा एकच आवाज होतो. काही जणांना या आवाजांची भीती वाटते. काही जण तिकडे लक्षच देत नाहीत. दोन्ही बरोबर नाही. हे आवाज कशाचे आहेत, ते कमी करता येतात का, आणि कमी केले तर त्याच्या बदल्यात आपण काय गमावतो, हे या पाठात पाहू या.

सर्वप्रथम आवाज कोठून येतो ते ओळखायला हवे. लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या वस्तू फारच थोड्या असतात. एक म्हणजे आतील गरमी बाहेर फेकणारा छोटा पंखा. दुसरी म्हणजे हार्ड डिस्क. आवाज येतो त्या बाजूला जाळीतून गरम वारा येत असेल, तर तो पंख्याचा आवाज समजावा. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच नसते. तिच्या जागी एसएसडी असते. एसएसडीमध्ये काहीही फिरत नाही, म्हणून ती आवाजही करत नाही. पण शाळांच्या संगणक-कक्षांत, दुकानांत आणि मोठ्या भावाकडून धाकट्याकडे आलेल्या जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्क अजून फिरते आहे. विंडोज १० किंवा त्यानंतरची प्रणाली असेल, तर 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या पानावर पाहावे. डिस्कच्या नावाजवळ 'एचडीडी' लिहिले असेल, तर हा पाठ तुमच्या लॅपटॉपसाठी आहे.

आता हार्ड डिस्कच्या आत काय असते ते पाहू. आत एक किंवा दोन गुळगुळीत, आरशासारख्या चकाकणाऱ्या तबकड्या असतात. 'तबकडी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'तबक' म्हणजे थाळी. तोच शब्द मराठीत आला आणि लहान थाळीला 'तबकडी' म्हणू लागले. पूर्वी ग्रामोफोनवर वाजणाऱ्या रेकॉर्डलाही मराठीत तबकडीच म्हणत. हार्ड डिस्कची तबकडीही तशीच गरगर फिरते. मात्र तिच्यावर रेकॉर्डसारख्या खाचा नसतात. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो, आणि आपली सगळी माहिती त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने साठवलेली असते.

तबकडीवरून एक दांडी आत-बाहेर सरकते. तिच्या टोकाला जो बारीक भाग असतो, त्याला 'हेड' म्हणतात. हेड माहिती वाचते आणि लिहितेही. ग्रामोफोनची सुई रेकॉर्डला टेकते, पण हे हेड तबकडीला टेकत नाही. तबकडी वेगाने फिरू लागली की तिच्यावरची हवाही फिरू लागते आणि त्या हवेच्या पातळ थरावर हेड तरंगते. दोघांमधील अंतर काही नॅनोमीटरच असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे हे अंतर किती कमी आहे याची कल्पना येईल. धुळीचा एक कणही या फटीत डोंगरासारखा ठरतो. म्हणूनच हार्ड डिस्क घरी कधीही उघडू नये. तिच्यावर एक छोटे छिद्र असते, तेही चिकटपट्टीने झाकू नये. त्यातून गाळून आलेली हवा हेडला तरंगत ठेवते. हवा विरळ असेल तर हेड नीट तरंगत नाही. त्यामुळे अनेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात त्या समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच वापराव्यात, असे लिहिलेले असते. लडाखमधील लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे!

लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ९० फेरे. तबकडीचा व्यास सुमारे ६.५ सेंटीमीटर असतो. परिघाचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. परीघ सुमारे २०.४ सेंटीमीटर येतो. त्याला ९० ने गुणले, तर तबकडीची कड सेकंदाला १८ मीटरपेक्षा जास्त, म्हणजेच ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाने धावते. भर रस्त्यावर एसटी धावते तेवढा हा वेग, आणि तोही तुमच्या तळहाताखाली!

पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. एवढ्या मोठ्या यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज एका छायाचित्रालाही तेवढी जागा पुरत नाही. यंत्र लहान झाले, पण फिरणारी तबकडी आणि सरकणारे हेड ही मूळ कल्पना तीच राहिली. त्यामुळे आवाजही राहिला.

आता तीन आवाजांचा उलगडा होईल. सलग 'घूं' असा आवाज तबकडी फिरवणाऱ्या मोटारीचा. बारीक कुरकुर होते ती दांडी झटक्याने आत-बाहेर सरकते म्हणून. संगणकाला एखादी फाइल तबकडीच्या आतल्या बाजूने आणि लगेच दुसरी बाहेरच्या बाजूने हवी असते. दांडी सेकंदाला अनेकदा धावते आणि थांबते. आणि तो एकटा 'टक'? थोडा वेळ काम नसले, की हेड तबकडीवरून उचलले जाते आणि कडेजवळच्या प्लास्टिकच्या छोट्या उतरणीवर जाऊन बसते. दुकान बंद करून शटर ओढावे तसे. काम आले की ते पुन्हा तबकडीवर उतरते. या जाण्या-येण्याचा तो आवाज. हे तिन्ही आवाज आजाराचे नाहीत.

आजाराचा आवाज वेगळा असतो. मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे, त्यांना हे सांगायला नको. माग कितीही जोराने खडखडत असला तरी कारागीर निश्चिंत असतो. पण त्या खडखडाटाची लय बिघडली की तो लगेच मान वर करून पाहतो. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. 'टक, टक, टक' असा आवाज घड्याळासारखा एकसारखा येऊ लागला आणि त्याच वेळी संगणक गोठून बसला, तर हेडला आपली जागा सापडत नाही असे समजावे. इंग्रजी बोलणारे लोक या आवाजाला 'क्लिक ऑफ डेथ' म्हणतात. धातूवर धातू घासल्यासारखी खरखर तर याहून वाईट. अशा वेळी कोणतेही सेटिंग बदलण्याच्या नादी लागू नये. महत्त्वाच्या फाइली उघडत असतील तर त्या ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि लॅपटॉप बंद करावा. उघडत नसतील, तर तो पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर आणखी ओरखडे पडू शकतात. डिस्क हलवून किंवा टिचक्या मारून पाहण्याचा सल्लाही काही जण देतात. तो ऐकू नये.

डिस्क निरोगी असली, तरीही सेटिंगला हात लावण्यापूर्वी एक काम करायचेच: फाइलींची दुसरी प्रत. वडिलांच्या दुकानाचा हिशोब, बहिणीच्या लग्नातील फोटो, आजोबांच्या आवाजातील एखादी ध्वनिफीत या गोष्टी बाजारात विकत मिळत नाहीत. नवी हार्ड डिस्क मिळते. प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडायच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातील दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. प्रत घेतली पण ती कधी उघडूनच पाहिली नाही, तर ती प्रत घेतली असे मी मानत नाही. आणखी एक गोष्ट. लॅपटॉप शाळेचा असेल, तर संगणकाच्या शिक्षकांना विचारल्याशिवाय पुढे सांगितलेले काहीही करू नका.

हार्ड डिस्कच्या आवाजाशी आणि वेगाशी संबंधित दोन सेटिंग्ज आहेत. दोन्हींची नावे सारखीच वाटतात, त्यामुळे गोंधळ होतो. पहिल्याचे संक्षिप्त नाव एएएम. हे सेटिंग दांडीच्या धावण्यावर ताबा ठेवते. दुसऱ्याचे नाव एपीएम. ते विजेची बचत करते. म्हणजे हेड केव्हा उतरणीवर जाऊन बसायचे आणि तबकडी केव्हा थांबायची, हे ठरवते. कुरकुर कमी करायची असेल तर पहिले आणि 'टक' कमी करायचा असेल तर दुसरे. चुकीचे सेटिंग बदलले तर आवाज तसाच राहतो आणि वर नुकसान होते ते वेगळेच.

एएएमला १२८ ते २५४ या दरम्यानचा आकडा देतात. १२८ म्हणजे सर्वांत शांत, २५४ म्हणजे सर्वांत वेगवान. शांत सेटिंगमध्ये दांडी दचकून पळण्याऐवजी हळुवार सरकते. झोपलेल्या बाळाजवळून आपण पाय न वाजवता चालतो, तसे. साहजिकच तिला पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो. किती जास्त? एक हिशोब करू. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ५.६ मिलिसेकंद. त्यात दांडीचा सरकण्याचा वेळ, समजा १२ मिलिसेकंद, मिळवला तर एका कामाला सुमारे १७.६ मिलिसेकंद झाले. सेकंदाला अशी ५६-५७ कामे होतील. शांत सेटिंगमुळे दांडीला समजा १६ मिलिसेकंद लागले, तर तीच कामे ४६ वर येतील.

हा फरक कधी जाणवतो आणि कधी जाणवत नाही, हे समजून घेणे जास्त महत्त्वाचे. चित्रपट पाहताना एक मोठी फाइल सलग वाचली जाते. दांडीला धावाधाव नसते. तेथे शांत सेटिंगने काही बिघडत नाही. पण संगणक चालू होताना शेकडो लहान लहान फाइली वाचल्या जातात आणि तेथे उशीर लागलेला स्पष्ट कळतो. जो विद्यार्थी रात्री घरातील सर्व जण झोपल्यावर अभ्यास करतो, त्याला १२८ हा आकडा चांगला. दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असताना बिल काढणाऱ्याला २५४. मात्र एक अडचण आहे. हे सेटिंग सर्व डिस्कमध्ये नसते. हार्ड डिस्कसाठी नंतर जे प्रमाण नियम आले, त्यांतून एएएम वगळण्यात आले. त्यामुळे तुमच्या डिस्कमध्ये ते दिसले नाही, तर डिस्क बिघडलेली आहे असे समजू नये.

एपीएमचे आकडे १ पासून २५४ पर्यंत असतात. यांची वाटणी समजण्यासारखी आहे. १ ते १२७ या आकड्यांना तबकडी पूर्ण थांबवण्याची मुभा असते. १२८ ते २५४ या आकड्यांना ती मुभा नसते. ते फार तर हेड उतरणीवर नेऊन बसवतात. आकडा जितका लहान तितकी बचत जास्त आणि जितका मोठा तितकी कामाची तत्परता जास्त. विजेची बचत म्हटले की आपल्याला ती नेहमी चांगलीच वाटते. येथे तसे नाही, आणि याची जाणीव जगभरातील अनेकांना २००७ साली झाली.

उबुंटू नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे. ती लिनक्सवर आधारलेली आहे. त्या वर्षी उबुंटू वापरणाऱ्या अनेक लोकांच्या लक्षात आले, की आपला लॅपटॉप रिकामा बसलेला असतानाही दर काही सेकंदांनी 'टक' करतो. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक नोंदवही ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. तिच्यात क्रमांक १९३ वर 'लोड सायकल काउंट' नावाची नोंद असते. हेड किती वेळा उतरणीवर जाऊन परत आले, याची ती मोजणी. लोकांनी ती नोंद उघडून पाहिली आणि ते चकित झाले. आकडा झपाट्याने वाढत होता.

असे का झाले? डिस्कचे एपीएम फार कडक बचतीवर होते. जरा उसंत मिळाली की हेड जाऊन बसे. इकडे प्रणाली दर थोड्या वेळाने काही ना काही लिहीत असे. त्या काळी लिनक्समध्ये एखादी फाइल नुसती वाचली, तरी 'ही फाइल अमुक वेळी वाचली' अशी नोंद डिस्कवर लिहिली जाई. हेड बसते न बसते तोच त्याला पुन्हा उठावे लागे. दोष डिस्क बनवणाऱ्यांचा, लॅपटॉप बनवणाऱ्यांचा की प्रणाली बनवणाऱ्यांचा, यावर बराच वाद झाला. खरे पाहता कोणाचे एकट्याचे वागणे चुकीचे नव्हते. डिस्क वीज वाचवत होती, प्रणाली नोंदी ठेवत होती. दोघांची गाठ पडली आणि झीज सुरू झाली. २००९ साली लिनक्सच्या गाभ्यातच बदल करून वाचण्याच्या वेळेची नोंद कमी वेळा लिहिली जाईल अशी व्यवस्था झाली.

ही झीज किती, तेही वहीत मांडून पाहा. लॅपटॉपच्या अनेक हार्ड डिस्क ६,००,००० वेळा हेड उचलून ठेवण्यासाठी बनवलेल्या असतात. काही जुन्या डिस्क ३,००,००० साठी. समजा दर १५ सेकंदांना एक 'टक' होतो. मग तासाला २४० झाले. लॅपटॉप रोज ६ तास चालतो असे धरले तर दिवसाला १,४४०. आता ६,००,००० ला १,४४० ने भागा. उत्तर ४१६ दिवसांच्या थोडे वर येते. म्हणजे जी मर्यादा अनेक वर्षे पुरायला हवी, ती चौदा महिन्यांत संपते! अर्थात, मर्यादा संपली म्हणजे त्याच दिवशी डिस्क बंद पडते असे नाही. काही डिस्क त्यानंतरही चालतात, तर काही त्याआधीच बिघडतात. पण बुटाचा तळ झिजत चालला आहे हे दिसत असताना रोज मुद्दाम खडीवरून कशाला चालायचे?

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाची मोफत आज्ञावली मिळते. ती उघडली की स्मार्टच्या सर्व नोंदी दिसतात. तिचे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, म्हणजे ० ते ९ नंतर इंग्रजी 'ए' ते 'एफ' ही अक्षरे येतात. ते पाहून घाबरू नका. तिच्या 'फंक्शन' या यादीत आकडे दहाच्या पायावर दाखवण्याची सोय आहे. नोंदींचे क्रमांकही सोळाच्या पायावर असतात. १९३ हा क्रमांक तेथे 'सी१' असा दिसेल. एएएम आणि एपीएम बदलण्याची जागाही त्याच 'फंक्शन' यादीत आहे. लिनक्सवर नोंदी पाहण्यासाठी 'स्मार्टसीटीएल' आणि आकडा बदलण्यासाठी 'एचडीपार्म' या आज्ञा वापरतात. एचडीपार्मबाबत विशेष सावध राहावे. तिच्या काही आज्ञा अतिशय धोकादायक आहेत, असा इशारा तिच्याच माहितीपुस्तिकेत दिलेला आहे. एका अक्षराच्या चुकीने भलतेच काही घडू शकते. कोठून तरी उतरवून घेतलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय चालवू नये.

आकडा बदलण्यापूर्वी तीन नोंदी नीट पाहा. क्रमांक ५ आणि क्रमांक १९७. या नोंदी तबकडीवरच्या बिघडलेल्या किंवा संशयित जागा मोजतात. तेथे शून्य असेल तर उत्तम. शून्य नसेल आणि आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. सेटिंगने काही साधणार नाही. तिसरी नोंद १९३. ती घड्याळाच्या वेळेसह वहीत लिहा. दहा मिनिटे नेहमीसारखे काम करा आणि पुन्हा लिहा. दहा मिनिटांत आकडा एक-दोनने वाढला तर काहीच बदलू नका. डिस्क ठीक आहे. तीस-चाळीसने वाढला तर एपीएमचा आधीचा आकडा वहीत टिपून ठेवा आणि मग १९२ सारखा मधला आकडा देऊन पाहा. पुन्हा दहा मिनिटे मोजा. फरक पडला नाही तर २५४ द्या. एका वेळी एकच सेटिंग बदलावे. दोन एकदम बदलली, तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगातही आपण एका वेळी एकच घटक बदलतो ना?

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला की पुष्कळ डिस्क एपीएमचा दिलेला आकडा विसरतात. झोपलेल्या अवस्थेतून जागा केला तरी कधी कधी असेच होते. काही विद्यार्थ्यांना याचा वैताग येतो. मला मात्र यात फायदाच दिसतो. काही विपरीत वाटले तर लॅपटॉप बंद करून चालू करायचा. बहुधा सर्व पूर्ववत होते. आठवडाभर नव्या आकड्याचा अनुभव घेऊन मगच तो दर वेळी आपोआप लागू होईल अशी व्यवस्था करावी.

२५४ आकडा दिला म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. हेड उतरणीवर बसलेले असताना लॅपटॉपला धक्का लागला, तर तबकडीला इजा होण्याची शक्यता कमी असते. हेड सतत तबकडीवर तरंगत असेल, तर तो धक्का महागात पडतो. ताशी ६६ किलोमीटर वेगाने धावणारी कड आठवा. आयबीएमने २००३ साली आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये हालचाल ओळखणारे एक उपकरण बसवले. लॅपटॉप हातातून निसटला की ते उपकरण जमिनीवर आदळण्यापूर्वीच हेडला उतरणीवर पाठवते. सर्वच लॅपटॉपमध्ये अशी सोय नसते. म्हणून जो लॅपटॉप टेबलावरच राहतो त्याला २५४ आकडा चालेल. जो मांडीवर, बसमध्ये किंवा या वर्गातून त्या वर्गात चालू अवस्थेत फिरतो, त्याला मधला आकडा बरा. चालू लॅपटॉप उचलून नेण्याची सवय सोडली तर त्याहून बरे.

तबकडी पूर्ण थांबवण्याबद्दल थोडेसे. विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' या नावाचे सेटिंग असते. तेथे किती मिनिटांनी तबकडी थांबवायची ते लिहायचे. बॅटरी जास्त टिकावी म्हणून काही जण तेथे एक किंवा दोन मिनिटे लिहितात. पण थांबलेली तबकडी पुन्हा फिरवताना मोटारीला सर्वांत जास्त वीज लागते. लॅपटॉपची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि सुरुवातीला ती सुमारे १ अँपियर प्रवाह घेते. म्हणजे ५ वॅट. नुसती फिरत असताना तिला १ वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पुरते. तबकडी दर दोन मिनिटांनी थांबली आणि फिरली, तर बचत कसली? शिवाय प्रत्येक वेळी आपल्याला काही सेकंद ताटकळत बसावे लागते. दहा ते वीस मिनिटे हा आकडा ठीक आहे.

पुष्कळदा सेटिंगला हात न लावताही आवाज कमी होतो. एखाद्या पोकळ लाकडी टेबलावर लॅपटॉप ठेवला, तर डिस्कचा थरथराट टेबलात उतरून मोठा होतो. स्टीलच्या थाळीत ठेवलेला मोबाइल कसा गुणगुणतो, ते तुम्ही ऐकले असेल. लॅपटॉपखालचे रबरी पाय झिजून पडले असतील तर नवे चिकटवावेत. मात्र आवाज दाबण्यासाठी तो गादीवर किंवा रजईवर ठेवू नये. त्याने खालची जाळी बंद होते आणि आतील गरमी वाढते. लॅपटॉपच्या डिस्कना साधारणतः ६० अंश सेल्सियसपर्यंतची मर्यादा दिलेली असते. मालेगावात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, तेव्हा रजईवरच्या लॅपटॉपच्या आत काय होत असेल याचा विचार करा. तापमानही स्मार्टच्या नोंदींत १९४ क्रमांकावर दिसते.

आणि डिस्क सतत कुरकुरत असेल, लॅपटॉपही मंद चालत असेल, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसतो. संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, कमी पडली की प्रणाली उरलेले सामान डिस्कवर ठेवू लागते आणि पुन्हा पुन्हा तेथून आणते. लहान ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्याला प्रत्येक भांड्यासाठी फडताळाकडे धाव घ्यावी लागते, तसेच हे. अशा वेळी दांडीला शांत चालायला सांगणे म्हणजे काम आणखी लांबवणे होय. त्यापेक्षा एकाच वेळी उघडलेली पाने कमी करावीत, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते कार्यक्रम बंद करावेत आणि शक्य असेल तर रॅम वाढवावी. कुरकुर आणि मंदपणा दोन्ही एकदम कमी होतात.

पैसे खर्च करायचेच असतील, तर जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची एसएसडी बसवणे हा उत्तम मार्ग आहे. तीत दांडी नाही, तबकडी नाही, एएएमचा प्रश्नच नाही. काढलेली हार्ड डिस्क निरोगी असेल तर फेकू नका. तिला एका छोट्या पेटीत बसवून वायरने लॅपटॉपला जोडता येते, आणि घरातील फोटो व हिशोब यांची दुसरी प्रत ठेवायला ती उपयोगी पडते. अशी डिस्क महिन्यातून एकदाच जोडली जाते, त्यामुळे तिचा १९३ वरचा आकडा फारसा वाढत नाही. फक्त वायर ओढून काढण्यापूर्वी संगणकाला 'इजेक्ट' म्हणून सांगा आणि 'घूं' हा आवाज पूर्ण थांबेपर्यंत पेटी टेबलावरून उचलू नका.